संत्र्याची फळगळ: जीए, टू-फोर-डी की एनएए?

ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या फुलांची) फळं गळू लागली की वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड पट्ट्यातले बागायतदार थेट कृषी केंद्र गाठतात. त्याआधी झाडाखालची ५० फळं वेचून कापून बघा. देठाकडून काळी पडत सडलेली असतील तर बुरशी आहे. सुईने टोचल्यासारखं छिद्र आणि दाबल्यावर त्यातून रस, म्हणजे रस शोषणारा पतंग. आत अळ्या असल्या तर फळमाशी. खालच्या फांद्यांवरच्या फळांना चामड्यासारखा तपकिरी डाग पडला तर फायटोफ्थोरा हा ओलाव्यात वाढणारा रोग. यातल्या कशावरही संजीवक, म्हणजे झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं रसायन, चालत नाही. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं असेल तर आधी चर काढा, मुळं गुदमरलेली असताना वरून काहीही मारून उपयोग नाही. फळ आतून-बाहेरून निरोगी आणि तरी गळतंय, एवढ्याच गळीसाठी जीए, टू-फोर-डी आणि एनएए या तीन संजीवकांतून निवड करायची आहे.

जिबरेलिक अॅसिड (जीए) आणि टू-फोर-डी दोन्हींची मात्रा एकच, १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग), म्हणजे १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम सक्रिय घटक. घोळ होतो तो 'सक्रिय' या शब्दावर. ४० टक्क्यांची जीए पावडर असेल तर ३.७५ ग्रॅम लागते. ०.००१ टक्क्याच्या जीएच्या बाटलीने मात्र १५ पीपीएम गाठताच येत नाही, ते औषध फार पातळ असतं. शुद्ध पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ३०-५० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा. विहिरीचं क्षारयुक्त पाणी जीएला मारतं. सामू (पीएच) ६ च्या आसपास आणण्यासाठी सायट्रिक अॅसिड वापरा आणि बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) जीए कधीच मिसळू नका.

टू-फोर-डी देठाशी फळ धरून ठेवतं आणि खर्चही कमी येतो. पण हे मुळात तणनाशक आहे. तणासाठी वापरतात त्याच्या पन्नास-शंभर पट कमी मात्रा इथे लागते, आणि विदर्भात बागेच्या धुऱ्यापलीकडे बहुधा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असते. वाऱ्याने जरासा फवारा तिकडे गेला तरी पऱ्हाटीची पानं अरुंद होऊन बोटांसारखी फाटतात. शेजाऱ्याचं नुकसान भरून निघत नाही. संत्र्यावर नवती (कोवळी पालवी) असताना मारलं तर तीही वळते. टू-फोर-डीचा इस्टर प्रकार वाफ होऊन उडून दूर जातो, तो घ्यायचाच नाही. पंप वेगळा ठेवा. तणनाशकाचा पंप नुसता विसळून चालत नाही. शेजारी कापूस असेल तर आमच्या मते जीएच.

एनएए (नॅप्थॅलिन अॅसेटिक अॅसिड) १० पीपीएमला फळ धरतं, पण तेच जास्त मात्रेत कोवळ्या फळांवर गेलं तर विरळणी करतं, म्हणजे उलट फळं गाळतं. ४.५ टक्क्यांच्या द्रावणाचे १०० लिटरला २२ मिली पुरतात. अंदाजाने झाकण ओतणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

माल कधी काढायचा, यावरही निवड ठरते. जीएने साल घट्ट राहते, फुगून सुटत नाही, पण रंग उशिरा येतो. डिसेंबरपर्यंत माल झाडावर ठेवायचा असेल तर हा फायदा. ऑक्टोबरात विकायचा असेल तर तोटा. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, पुढच्या आंबियासाठी पाणी तोडून बाग ताणावर असताना, जीए मारूच नका. त्या वेळी ते फुलधारणा कमी करतं.

फळाचा आकार आणि गोडी यांसाठी पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, साल मजबूत होऊन फळ तडकू नये म्हणून कॅल्शियम नायट्रेट १.५ टक्का. कॅल्शियम नायट्रेट आणि ००:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) एकाच टाकीत टाकलं की पाणी दुधासारखं होतं आणि नोझल चोंदतं. दोन फवारण्यांत काही दिवसांचं अंतर ठेवा. युरिया १ टक्क्याच्या वर नेऊ नका, त्यातल्या बाययुरेट या अशुद्ध घटकाने संत्र्याच्या पानांची टोकं पिवळी पडतात.

मोठ्या झाडाला आठ-दहा लिटर पाणी लागतं, सकाळी वारा पडलेला असताना. एकाच ओळीतली दहा झाडं न फवारता सोडा आणि दोन्हीकडची गळालेली फळं दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. मोजून झाली की ती फळं बागेत पडू न देता खड्ड्यात पुरा.