टिप कानातच राहिली तेव्हा: तारेच्या इअरफोनचा नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी डोंबिवलीला गाडीतून उतरल्यावर मी नेहमीप्रमाणे दोन्ही इअरफोन कानांतून ओढून काढले, आणि ते डबीत ठेवताना उजव्या बाजूची धातूची नळी बोटाला उघडी लागली. तिच्यावरची सिलिकॉनची टिप, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, कानातच राहिली होती. घरी आल्यावर मी आरशासमोर उभे राहून चिमट्याने ती काढण्याचा प्रयत्न केला आणि ती आणखी आत ढकलली गेली. तसे करायला नको होते. हा मजकूर वाचणाऱ्या कोणावर ही वेळ आली, तर चिमटा, सेफ्टी पिन, काडी यांपैकी कशालाही हात न लावता थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने ती टिप मिनिटभरात बाहेर काढली. फी आठशे रुपये झाली, आणि इअरफोन मी दसऱ्याला दोन हजार सहाशेला घेतले होते.

त्या मिनिटाभरात डॉक्टर एक वाक्य बोलून गेले, आणि आधीच्या चार महिन्यांची माझी सगळी तक्रार त्या वाक्याने बदलली. ते म्हणाले, “तुमची उजव्या कानाची नळी डावीपेक्षा अरुंद आहे आणि तिचे पहिले वळणही जास्त तीव्र आहे.” मी तोवर दोन्ही कानांत एकाच मापाच्या टिप्स घालत होतो, कारण त्या जोडीनेच मिळतात आणि दोन कान वेगळे असू शकतात हे माझ्या मनातही आले नव्हते.

या इअरफोनबद्दल नोव्हेंबरात मी ठिकठिकाणी लिहिले होते की उजव्या बाजूचा आवाज पोकळ आहे आणि खालचे सूर येत नाहीत. ते मत आज मागे घेतो. त्या वेळी मी दोनदा सर्व्हिस सेंटरला गेलो. पहिल्यांदा एकोणीस दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून माल परत आला. दुसऱ्यांदा बरीच हुज्जत घातल्यावर उजवी बाजू नवी बसवून मिळाली, आणि तीही तशीच पोकळ वाजली. इअरफोनची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे उजवा डाव्या कानात आणि डावा उजव्या कानात धरावा, ही अर्ध्या मिनिटाची तपासणी त्यांनीही सुचवली नाही आणि मलाही सुचली नाही. डॉक्टरांकडून आल्यावर, कान दुखायचा थांबल्यावर, मी ती केली. पोकळपणा इअरफोनबरोबर डाव्या कानात गेला नाही. तो उजव्या कानातच राहिला.

मी शास्त्रीय संगीत ऐकतो, त्यातही एकल तबला जास्त, त्यामुळे माझी कसोटी डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या सुराच्या वाद्याची आहे. मनगट पुडीवर, म्हणजे त्याच्या कातड्यावर, दाबून पुढे सरकवताना घुमाराचा सूर खालून वर चढत जातो, तो घिस्सा सील, म्हणजे टिप आणि कान यांच्यातली हवाबंद पकड, नीट बसलेले असताना अखंड ऐकू येतो. टिपेच्या कडेला केसाएवढी फट राहिली, की घिश्शाचा खालचा अर्धा भाग नाहीसा होतो आणि तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक आवाज, मात्र पूर्वीइतकीच, किंबहुना जास्तच टोकदार वाजत राहते. तानपुऱ्याचेही तसेच. काळी एक या पट्टीचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, साधारण १३९ हर्ट्झचा, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. फट असली की जोडीच्या तारा आणि जवारीचा झंकार राहतो, पण खर्ज जमिनीत गेल्यासारखा बसतो.

कारण समजून घेतले तेव्हा ते फार साधे निघाले. इअरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर हवा कोंडलेली असते, आणि इअरफोनचा पडदा ती हवा दाबतो व सैल सोडतो. खालच्या सुरांसाठी पडदा सावकाश हलतो, त्यामुळे फट असेल तर दाब तयार होण्याआधीच हवा तिच्यातून निसटते. वरच्या सुरांत ही हालचाल इतकी जलद असते, की हवेला निसटायला वेळच मिळत नाही. म्हणून सील फुटल्यावर आवाज सगळाच्या सगळा कमी होत नाही, फक्त त्याचा पाया जातो, आणि ऐकणारा इअरफोनलाच दोष देतो.

मापाविषयीही माझी समजूत उलटी होती. उजव्या बाजूला खर्ज येत नाही म्हणून मी दोन्हीकडे मधल्या मापावरून मोठ्या मापावर गेलो होतो. मोठी टिप अरुंद नळीत शिरताना तिच्या घुमटाला चुणी पडते, आणि त्या चुणीतूनच हवा जाते. शिवाय ती वळणाच्या अलीकडेच अडकते, म्हणून तासाभरात कानाच्या तोंडाशी ठणका लागतो. लहान माप घातल्यावर टिप दोन-तीन मिलिमीटर अधिक आत गेली, सगळीकडून सारखी टेकली, आणि घिस्सा पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आला. आता उजवीकडे लहान आणि डावीकडे मधले माप आहे. डब्यात तीन मापांच्या तीनच जोड्या येतात, त्यामुळे माझ्यासारख्याच्या दोन जोड्यांतली एकेक टिप कायमची पडून राहते, आणि नवी घ्यायची वेळ आली की पुन्हा दोन्ही मापांचे पैसे मोजावे लागतात. एकच सुटी टिप मला कुठे विकत मिळाली नाही. ती विकायला हवी.

घालण्याची पद्धत मी डॉक्टरांकडूनच शिकलो. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सरळ नसते, ती साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि नागमोडी असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढला की वळण सरळ होते. तोंड थोडे उघडायचे, कारण जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो, आणि टिप किंचित फिरवत आत न्यायची. मग कान सोडायचा आणि दहा-पंधरा सेकंद थांबायचे. सील बसले की नाही हे पाहण्यासाठी इअरफोन बोटाने हलकेच आत दाबतो. दाबल्यावर डग्गा वाढला, तर आधी फट होती असे समजतो. शेवटी मान दोन्हीकडे वळवून, घास चावल्यासारखा जबडा हलवून पुन्हा ऐकतो. अ‍ॅपलच्या बिनतारी एअरपॉड्स प्रोमध्ये ही तपासणी २०१९ पासून फोन स्वतः करून देतो. तारेच्या इअरफोनमध्ये ती आपणच करायची असते.

आता मूळ दोषाकडे येतो, कारण माझा राग अजून त्यावरच आहे. इअरफोनच्या धातूच्या नळीच्या टोकाला टिप अडकून राहावी म्हणून एक उंच कडा असते. टिपेचा गाभा, म्हणजे तिचा मधला पोकळ भाग, तिच्यावरून ताणून मागच्या खाचेत बसवायचा असतो. माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो, त्याच्या व्हर्नियर कॅलिपरने मी माप घेतले: खाचेत नळीचा व्यास ५.४ मिलिमीटर आणि कडेवर ५.६ मिलिमीटर. म्हणजे कडा चारही बाजूंनी फक्त एक दशांश मिलिमीटर पुढे आहे. माझ्याकडच्या दहा वर्षांपूर्वीच्या, तारा तुटलेल्या जुन्या इअरफोनवर हीच मापे ५.२ आणि ६.० निघाली, आणि त्याची टिप नखाने ओढूनही सहज निघत नाही. नव्या इअरफोनच्या कडेवर बोट फिरवले तर ती असल्याचे जेमतेम जाणवते. त्यात कंपनीने दिलेल्या टिप्सचा गाभा मऊ, आणि कानातल्या मळाचा तेलकटपणा दोन-तीन महिन्यांत गाभ्यापर्यंत पोचलेला. टिप सुटून यायला आणखी काही लागत नाही.

हे सगळे मी कंपनीला मापांसह आणि छायाचित्रांसह लिहून पाठवले. उत्तर आले, की टिप्स झिजणारा भाग असल्याने हमीत बसत नाहीत, आणि ग्राहकांनी फक्त मूळ टिप्सच वापराव्यात. माझ्या कानात अडकलेली टिप मूळच होती, हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले होते. टिप हमीत बसत नसेल, पण नळी बसते, आणि दोष नळीचा आहे. दुसऱ्या पत्राला फक्त पोच मिळाली.

मार्च ते मे मी वेगवेगळ्या टिप्स वापरून पाहिल्या. फोमच्या टिप्सवर मी एप्रिलमध्ये फार चांगले लिहिले होते, आणि तेव्हाच्या अनुभवापुरते ते खरेच होते. फोम चिमटीत चेपून आत घालायचा आणि तो फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवायचा. कान कितीही वेडावाकडा असला तरी तो त्याच्या आकाराचा होतो. त्या दिवसांत कळवा-मुंब्र्याच्या बोगद्यात खडखडाट इतका विरला, की मला तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या. तबल्याची चाट मात्र थोडी बोथट होते, कारण फोम वरचे सूर शोषतो. मे महिन्यात घामाने फोम दमट राहू लागला, फुगायला जास्त वेळ घेऊ लागला आणि कडेने काळसर झाला. साडेचारशे रुपयांची जोडी सात आठवड्यांत टाकून द्यावी लागली. पाऊस सुरू झाल्यावर डॉक्टरांचे दुसरे सांगणे आठवले, की दमट हवेत कान बंद आणि ओला ठेवला तर बुरशी धरते. जूनपासून मी फोम बंद केला आहे. हिवाळ्यात पुन्हा घेईन, पण वर्षभरासाठी तो घ्या असे जे मी लिहिले होते, ते इथल्या हवेसाठी चुकीचे होते.

तीन छत्र्या एकावर एक असलेल्या टिप्सही घेतल्या होत्या. इटिमॉटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीच्या १९९१ च्या ईआर-४ पासून ही रचना संगीतप्रेमींच्या ओळखीची झाली. त्या खोल जातात आणि बाहेरचा आवाज खरोखर अडवतात. खोल बसल्यामुळे स्वतःचा आवाज आणि पावलांचा धपधप आवाज कानात घुमतो तोही कमी होतो, कारण तो घुमारा कूर्चेच्या भागाच्या कंपनातून येतो. पण हाडाच्या भागावरची त्वचा फार पातळ असते, आणि मला त्या वीस मिनिटांपलीकडे सहन झाल्या नाहीत. घालताना दर वेळी खोकला येत असे. कानाच्या नळीपर्यंत व्हेगस मज्जातंतूची एक शाखा येते, तिला स्पर्श झाला की काही जणांना खोकला येतो. ज्यांना येतो त्यांनी या टिप्सवर पैसे घालवू नयेत.

सध्या जी जोडी वापरतो ती साध्या सिलिकॉनची, आखूड, अरुंद आणि कडक गाभ्याची आहे. साडेतीनशे रुपये जोडी, दोन मापांच्या दोन जोड्या. गाभा अरुंद असल्याने तो नळीवर ताणून घट्ट बसतो आणि उथळ कडेची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. बसवल्यावर मी प्रत्येक टिप बोटांनी पाच वेळा ओढून पाहिली, एकही सुटली नाही. भोक लहान असल्यामुळे वरचे सूर थोडे मवाळ होतात, पण माझ्या कानाला ते खुपत नाही. तार कानावरून मागे घेतल्याने कपड्याला घासण्याचा आवाजही जवळजवळ गेला आहे.

सर्वांत मोठा फरक फोनच्या आवाजात पडला. पूर्वी लोकलमध्ये सोळापैकी तेराव्या पायरीवर ऐकत असे, आता आठवी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. रोज येऊन-जाऊन अडीच तास ऐकणाऱ्याला या पाच पायऱ्या म्हणजे पुढच्या वीस वर्षांचे कान आहेत. बाहेरचे ऐकू येत नाही हेही तितकेच खरे, म्हणून पुलावर चढण्याआधी आणि रस्ता ओलांडताना मी दोन्ही इअरफोन काढतो.

रविवारी टिप्स काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुतो, रात्रभर पूर्ण सुकू देतो, आणि नळीच्या जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने, नळी खाली धरून झाडतो, म्हणजे तो आत पडत नाही. गाभ्याच्या आतला तेलकटपणा पुसायला विसरत नाही, कारण निसटण्याची सुरुवात तिथूनच होते. आणि काढताना सरळ ओढत नाही. सील चांगले असले की ओढताना आत पोकळी तयार होते आणि टिप कानाला चिकटून राहते. आता इअरफोन आधी किंचित फिरवतो, कान वर ओढून हवा आत जाऊ देतो, आणि बाहेर आल्यावर डबी बंद करण्याआधी दोन्ही नळ्यांवर टिप आहे ना, हे बोटाने चाचपतो.