आलिशान सेडान की छोटी गाडी?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याजवळ कापसाचे जिनिंग चालविणारे आमचे भाऊजी महिनाभर या दोन गाड्यांत अडकले आहेत.

किमतीतील अंतर उघड आहे: एक साधारण 6 ते 9 लाखांत येते, दुसरी 50 लाखांच्या आसपास सुरू होते. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, मोठीवर 40 टक्के.

खरा प्रश्न रस्त्याचा आहे. शेताकडच्या पांदणीत पावसाळ्यात काळी माती चाकाला थापली जाते आणि बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा लांब, बुटक्या सेडानचे पोट खरवडतो. छोटी गाडी तेथून बहुधा निघते. फसलीच, तर चार गडी ढकलून काढतात. काही आलिशान गाड्यांत स्टेपनीच नसते. हवा गेलेल्या रन-फ्लॅट टायरवर साधारण 80 किलोमीटर जाता येते खरे, परंतु नागपूर त्याच्या दुपटीने दूर आहे, आणि अशा गाडीचे सुटे भाग मिळणार तेही तेथेच. छोटीचा क्लच तालुक्याचा मिस्त्री बदलून देतो.

समृद्धी महामार्गावर मात्र पारडे फिरते. 701 किलोमीटरच्या त्या वाटेवर ताशी 120 च्या वेगात सेडान जितकी स्थिर आणि शांत राहते, तितकी छोटी राहत नाही. पाठदुखी असलेल्याने हे हसण्यावारी नेऊ नये.

ज्यांचे महिन्याला चार-पाच फेरे मुंबईचे आहेत आणि शेतासाठी घरी जीप उभी आहे, त्यांनी सेडान खुशाल घ्यावी. एकाच गाडीत शेत, बाजार आणि दवाखाना उरकणाऱ्यांना छोटीच योग्य. भाऊजी याच गटात मोडतात.