जुना टाटा ४०१८ हॉर्स: बीएस-३ घ्यावा का, आणि घेतला तर आधी काय उघडावं

स्वतः मालक, स्वतः ड्रायव्हर, दाराशी एकच ट्रेलर. सांगली-साताऱ्यात असं काम करणाऱ्यासाठी जुन्या बाजारातला टाटा एलपीएस ४०१८ आजही चांगला हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आहे, पण चासी सरळ असेल आणि वेळेवर पोचवायच्या मालाचं काम धरायचं नसेल तरच. साखरेची पोती, सळी, सिमेंट, फाउंड्रीचा माल यांना तो चालतो. द्राक्षाचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर ओढायचा असेल तर हा घेऊ नका.

कारण नावातच आहे. ४० टन आणि सुमारे १८० अश्वशक्ती, म्हणजे भरल्या गाडीत टनामागे साडेचार. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर ही गाडी खालच्या गिअरला रांगते, आणि रेडिएटर अर्धवट तुंबलेला असेल तर तिथेच उकळते. ट्रायल रिकाम्या हॉर्सची घेऊन काही कळत नाही. भरल्या ट्रेलरसह चढ चढवा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

बीएस-३ म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी निकषावरची गाडी. तिची जमेची बाजू म्हणजे साधेपणा. धूर साफ करायचा युरिया नाही, सेन्सरची गुंतागुंत नाही, पंप मेकॅनिकल. वाटेत बंद पडली तर मिस्त्री पाना-स्क्रूड्रायव्हरवर चालू करून देतो. मर्यादाही तेवढ्याच ठोस आहेत. बीएस-३ ची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली, त्यामुळे नवीत नवी गाडीसुद्धा ८ वर्षांच्या पुढे गेलेली आहे आणि पासिंग दरवर्षी करावं लागतं. नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंतच मिळतं, तेव्हा २०१२ चं मॉडेल स्वस्त दिसलं तरी कमाईची वर्षं मोजा. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही. उत्तरेची लाइन धरणाऱ्याने इथेच विचार सोडावा.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना पोचा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर उचलतं आणि धूर कुठल्या रंगाचा येतो हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. झाकण उडून पडलं किंवा तिथून धुराचा दाब जाणवला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. ऑइल दुधाळ दिसलं तर फक्त हेड गॅस्केट धरू नका; या इंजिनाचा ऑइल कूलर ब्लॉकला बसवलेला असतो, तो फुटला तरी पाणी ऑइलमध्ये जातं. खर्चात मोठा फरक पडतो.

इंजिनापेक्षा चासीला जास्त वेळ द्या. टर्नटेबलच्या (ट्रेलर ज्यावर टेकतो आणि अडकतो त्या प्लेटच्या) ब्रॅकेटभोवती आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी रंग खरवडून बघा. ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच भागात असेल तर खाली वेल्डिंग आहे असंच धरा. चासीच्या वरच्या किंवा खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) कुणी भोक पाडलं असेल, पट्टी जोडली असेल, तर गाडी सोडा. सगळ्यात जास्त ताण फ्लँजवरच येतो आणि तिथली चीर पुन्हा उघडते. चासी नंबरची पेन्सिल छाप घेऊन आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडा.

कागदांचं थोडक्यात. एम-परिवहनवर फिटनेस, परमिट, विमा, ई-चलान आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) बघा. बदलीला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८. वजनक्षमता २०१८ मध्ये वाढली हे खरं, पण तुमच्यासाठी आरसीवर नोंदलेला आकडाच चालतो.

आता काम. बहुतेक जण आधी इंजिन उघडतात आणि कॅबिन रंगवतात. ब्रेकच्या वेळेला पैसे संपलेले असतात. कुंभार्ली घाट उतरायचा आहे हे लक्षात ठेवून क्रम उलटा करा. हवेच्या टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा. एका मिनिटात काटा पाव बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावून शोधा. ट्रेलर जोडून लाल होज (ट्रेलरला हवा नेणारा पाइप) काढा, ट्रेलरची चाकं लगेच जाम झाली पाहिजेत. ब्रेकचे लायनर बदलताना एस-कॅमचे (ब्रेक शू फाकवणाऱ्या दांड्याचे) बुश आणि स्लॅक ॲडजस्टर (तो दांडा फिरवणारा हात) त्याच वेळी बदला. बुश ढिले राहिले की कॅम तिरका फिरतो, नवा लायनर एका बाजूने झिजतो आणि दोष लायनरला दिला जातो.

टर्नटेबलचा जबडा आणि त्यात अडकणारी ट्रेलरची किंगपिन दोन्ही मोजा. दोन इंची पिन नवी ५०.८ मिमी असते, ४९ ला आली की बाद. पिनेवर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर घासून देणारे भेटतात. ते करू नका, पिन बदला. चालत्या गाडीतून ट्रेलर सुटला तर मागचा माणूस वाचत नाही.

मग इंजिन. या गाडीच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनाला सिलिंडर लायनर नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये फिरतो. मूळ बोअर १०२ मिमी, पुढे ०.५ आणि १ मिमी ओव्हरसाइज मिळतात. १ मिमी आधीच झालेलं असेल तर स्लीव्ह टाकावी लागते. म्हणून पिस्टनवर पंच केलेला साइज वाचल्याशिवाय कामाचा अंदाज मागू नका. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे. पुढचं कव्हर उघडलंच आहे तर गिअर हौसिंगची डॉवेल पिन (हौसिंग जागेवर बसवणारी छोटी खुंटी) बघा. ती सरकून टायमिंग गिअरमध्ये पडल्याचे प्रकार या इंजिनात झालेले आहेत. भोकाची कड ठोकून किंवा छोटी पट्टी बोल्टखाली दाबून ती अडवता येते. नोझल बसवताना जुना कॉपर वॉशर आत चिकटलेला नाही ना, हे हात घालून बघा. दोन वॉशर झाले की नोझल वर राहते आणि गाडी काळा धूर टाकते. टॅपेटची फट थंड इंजिनावर लावा, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी. रेडिएटर रॉडिंग करूनच (नळ्यांत सळी घालून साफ करूनच) परत चढवा, नाहीतर नव्या रिंगा पहिल्याच चढावर भाजतात.

हे काम पावसाळ्यात काढा. गळीत हंगाम सुरू झाला की लेथवाले आणि मिस्त्री उसाच्या ट्रॅक्टरांत अडकतात आणि घाईत केलेलं काम घाटात उघडं पडतं. गाडी बाहेर काढल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. नवा रंग ड्रम आणि चाकाच्या डिस्कच्या मध्ये राहिला असेल तर तो दबतो आणि नट आपोआप सैल पडतात, म्हणून डिस्क बसवण्याआधी ती जागा तारेच्या ब्रशने लोखंडापर्यंत साफ करून घ्या.