अंगावरून पांढरं जातंय: स्लाइड, कल्चर की पीसीआर?

परवा निफाडहून एक ताई गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये आल्या. हातात दुसरीकडचा कल्चर (स्रावातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) रिपोर्ट होता, त्यावर ‘गार्डनेरेला’. आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अहो, हा जंतू निरोगी बायकांतही सापडतो. नुसत्या कल्चरवरून बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडल्याचा आजार, ठरत नाही. त्यासाठी कल्चरवर पैसे घालवू नका.

सगळ्यात जवळची तपासणी डॉक्टरांच्या टेबलावरच होते. ॲम्सेल यांचे 1983 चे चार निकष: पातळ, एकसारखा स्राव. त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) 4.5 च्या वर. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडताच माशासारखा वास. आणि मायक्रोस्कोपखाली क्लू सेल. चारांतले तीन जुळले की निदान झालं. क्लू सेल म्हणजे योनीच्या आवरणाची पेशी. ओल्या बोटाला रवा चिकटावा तसे तिला जंतू चिकटलेले असतात, कडच दिसेनाशी होते. स्वस्त आणि लगेच होणारं काम. पण स्लाइड ताजी हवी, बघणाऱ्याची नजर बसलेली हवी, आणि पाळीचं रक्त किंवा वीर्य मिसळलं असेल तर पीएच फसवतो.

माझा कल ग्रॅम स्टेनकडे, म्हणजे स्लाइडला रंग देऊन जंतू बघण्याकडे. 1991 च्या न्यूजंट पद्धतीत लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जंतूंचे मोठे दांडे, गार्डनेरेलासारखे बारीक जंतू आणि मोबिलंकससारखे वाकडे दांडे मोजून 0 ते 10 गुण देतात. 3 पर्यंत ठीक, 7 पासून पुढे आजार. 4 ते 6 आले तर डॉक्टरांना लक्षणं बघूनच ठरवावं लागतं. संशोधनातही हीच पद्धत प्रमाण मानतात. शिवाय वाळलेली स्लाइड टिकते, सुरगाण्याहून नाशिकला आली तरी वाचता येते.

पीसीआर महाग. चांगले-वाईट जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखतो, काही पॅनेलमध्ये (एकत्र तपासण्यांच्या संचात) बुरशी आणि ट्रायकोमोनास हा परजीवीही कळतात. त्रास पुन्हा पुन्हा उलटत असेल किंवा स्लाइडवरून उलगडा होत नसेल, तेव्हा जरूर करा. काहीच त्रास नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून नको.

कुठलीही तपासणी असो, आदल्या दिवशी आतून धुऊ नका, क्रीम किंवा गोळी आत ठेवू नका.

त्या ताईंची स्लाइड आम्ही त्याच दुपारी लावली. न्यूजंट 2. शेजारीच बुरशीचे लांब धागे दिसले. ताईंना येणारी खाज त्या बुरशीचीच होती.