पाचशे नव्व्याण्णव रुपयांत आमच्याच आजीचं नाव

बाळाचं नाव सुचवणारी ऑनलाइन सेवा. किंमत ५९९ रुपये, सोनेरी काठाचं 'नाव प्रमाणपत्र' हवं असेल तर वर २५०. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे. त्यातला एक तारा यादीतल्या नवव्या नावाला आहे. ते नाव नसतं तर एकावरच भागवलं असतं.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर चोपडा तालुक्यात, तापीकाठी. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरवडाभर आधी धाकट्या भावाला मुलगी झाली. जळगावच्या दवाखान्यात, पहाटे. गुरुजींनी पत्रिका मांडून सांगितलं, स्वाती नक्षत्र, चौथं चरण, तूळ रास, अक्षर 'ता'. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा, पण हल्ली आत्याने पाळण्यात वाकून कानात कुर्र करायचं आणि पाठीत धपाटे खायचे एवढंच काम उरलंय. नाव आधीच मोबाइलवर ठरलेलं असतं. वहिनीने एक जाहिरात पाहिली, भावाने पैसे भरले आणि मला फक्त कळवलं.

आधी त्यांचं जे चांगलं ते सांगते. तीन दिवसांत देऊ म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. फोनवरची मुलगी नम्र होती, शुद्ध मराठी बोलत होती, आणि 'ताई' म्हणत होती, 'मॅम' नव्हे. अकरा पानं, पंधरा नावं. प्रत्येक नावाखाली अर्थ, उगम, भाग्यांक आणि 'लोकप्रियता' म्हणून तारे. छपाई सुंदर. मोरपीस जरा जास्तच झालं होतं, पण बारशाच्या गडबडीत तेवढं चालतं.

आता बाकीचं. फॉर्ममध्ये जन्मगाव जळगाव लिहिलं होतं. पीडीएफवर आलं 'जळगाव जामोद, जि. बुलढाणा'. दोन्ही गावांत अंतर फार नाही म्हणून अक्षर बदललं नाही, हे आमचं नशीब. फोन केला तर म्हणाल्या, सिस्टिममध्ये एकच जळगाव आहे. आमचा अख्खा जिल्हा त्यांच्या सिस्टिममधून गायब!

अर्थांची तर मजाच होती. तन्वी म्हणजे नाजूक बांध्याची, हे बरोबर. तनिष्का म्हणजे 'सोन्याची देवी'. संस्कृतात निष्क म्हणजे सोन्याचं नाणं, एवढं खरं, पण ही देवी कुठल्या पुराणातली ते त्यांनाही सांगता आलं नाही. तान्याचा उगम संस्कृत, अर्थ 'कुटुंबाची लाडकी'. तान्या हे तात्याना या रशियन नावाचं घरगुती रूप आहे. नाव छानच आहे, पण त्याला जानवं घालायची काय गरज? ताश्वीखाली लिहिलं होतं 'आकर्षक, तेजस्वी, यशस्वी', म्हणजे ज्याला जे हवं ते घ्या.

आणि नवव्या क्रमांकावर होतं तपती. 'अर्थ: सूर्याची मुलगी. उगम: बंगाली. लोकप्रियता: अति दुर्मिळ.' तेराव्यावर ताप्ती. 'अर्थ: एक नदी. उगम: हिंदी. लोकप्रियता: दुर्मिळ.'

मी ते दोनदा वाचलं. नववं आणि तेरावं नाव एकाच बाईचं, एकाच नदीचं. आणि ती नदी आमच्या गावाच्या मागून वाहते. आमच्या आजीचं नाव तापी! मतदार ओळखपत्रावर तापीबाई, पूर्वीच्या पिवळ्या रेशनकार्डावर तापाबाई, आणि गल्लीत सगळ्यांची मोठी माय. जे नाव पंचाऐंशी वर्षं आमच्या घरात भाकरी थापतंय, ते ५९९ रुपये घेऊन आम्हाला 'अति दुर्मिळ' म्हणून परत विकलं.

उगम बंगाली, हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बंगालमध्ये तपती नावाच्या बायका पुष्कळ आहेत, आपल्याकडे जशा एका पिढीत सुनंदा आणि मंगला होत्या तशा. पण नाव तिथलं नव्हे. धातू 'तप्', तापणे. त्याच धातूतून ताप आणि तप दोन्ही आले. आमच्या शाळेतले संस्कृतचे निवृत्त गुरुजी म्हणतात, व्याकरण लावलं तर 'तपन्ती' व्हायला हवं, पण महाभारताने तपती लिहिलं तर आपण कोण दुरुस्त करणार.

महाभारताच्या आदिपर्वात तिची गोष्ट आहे. चित्ररथ गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' अशी हाक मारतो. अर्जुन म्हणतो, आम्ही कुंतीची मुलं, हे तापत्य कुठून आलं? मग गंधर्व सांगतो. सूर्याची मुलगी तपती, सावित्रीची धाकटी बहीण, तपाने युक्त. राजा संवरण शिकारीला गेला, घोडा मेला, पायी फिरताना डोंगरावर त्याला ती दिसली. पुढे वसिष्ठांनी सूर्याकडे जाऊन तिला मागणी घातली. त्यांचा मुलगा कुरु. म्हणजे कौरव-पांडव सगळे जिचे वंशज, ती ही. एवढी मोठी आजी आणि पीडीएफमध्ये दोन शब्दांत आटोपली.

मला त्या गोष्टीतला एक तुकडा फार आवडतो. लग्नानंतर राजा तिच्याबरोबर बारा वर्षं डोंगरातच राहिला आणि तेवढी वर्षं त्याच्या राज्यात पावसाचा थेंब पडला नाही. वसिष्ठ दोघांना घेऊन आले तेव्हा पाऊस आला. आमच्या कापूस-केळीवाल्या गावात ही गोष्ट सांगितली, तर बापे माणसं ऐकून क्षणभर गप्प बसली. बाई घरी आली आणि पाऊस पडला, हे इकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

नदी म्हणाल तर मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम, म्हणजे मूळतापी. सातशे चोवीस किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईत तिचा जन्मोत्सव होतो. आजी आषाढातलीच. तिथी कुणाला आठवत नाही, पण पूर आलेला होता आणि सुईण नावेतून आणावी लागली, एवढं घरात सांगतात. त्यावरूनच नाव पडलं.

आता लोकप्रियतेचे तारे. मी विचारलं, हे कुठून काढता? उत्तर आलं, 'आमच्या डेटावरून.' अमेरिकेत सरकार १८८० पासूनच्या नावांच्या याद्या दरवर्षी जाहीर करतं, आणि वर्षात पाचापेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव यादीत घेतच नाही. आपल्याकडे अशी सरकारी यादी निघत नाही. म्हणजे हे तारे त्यांच्या मनातले. (त्याच १८८० साली आपल्या आसोद्याला बहिणाबाई जन्मल्या. त्यांचं नाव विद्यापीठाला लागलं, पण माझ्या नोकरीत वर्गात एकही बहिणा आली नाही.)

माझ्याकडे मात्र खरा डेटा आहे, शाळेचं जनरल रजिस्टर. जुनी रजिस्टरं शाईने लिहिलेली, पानं खपली धरल्यासारखी. त्यात तापी आहेत, यमुना आहेत, गिरजा, कौसा, भिकू, धोंडी. तापी कधी थांबली ते नेमकं दाखवता येत नाही, पण मधल्या रजिस्टरात सुनीता, संगीता, कल्पना सुरू होतात आणि तापी दिसेनाशी होते. आता माझ्या एकाच वर्गात तीन आरोही आणि दोन स्वरा आहेत. हाक मारली की अर्धा बाक उभा राहतो.

घरात नाव काढल्यावर गोंधळ झाला. वहिनी म्हणाली, "ताई, तपती? मे महिन्यात? भुसावळला शेहेचाळीस डिग्री चाललंय आणि पोरीला तपती म्हणायचं?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पत्रा तापतो, तवा तापतो, आमच्याकडे डोकंही तापतं. विहीणबाईंनी दुसराच मुद्दा काढला. तापी म्हणजे छायेची मुलगी, शनीची सख्खी बहीण, असं नाव घरात नको. मी म्हटलं, विहीणबाई, यमुना यमाची बहीण आहे, तरी घराघरात यमुना होत्याच की. आणि ही सावित्रीचीही बहीण लागते, तेवढं नातं धरा. त्या हसल्या, पण पटलं नाही हे दिसत होतं.

आजीला विचारलं. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. "मन्हं नाव कसाले? लोके हासतीन पोरले." मग किती पैसे भरले ते भावाने सांगितलं. "इतला पैसा! नावना?" आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. तिच्या वेळी नाव ठेवायला कुणी पैसे मोजले नव्हते, नदीकडे बघितलं आणि झालं.

शेवटी वहिनीनेच तोडगा काढला. कागदावर तपती, घरात तापी. "दहावीच्या निकालात तपती शोभेल," म्हणाली. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पुढचा.

सेवेबद्दलची माझी खरी तक्रार पुढे आहे. यादीसोबत त्यांचा मेसेज आला होता: '२१ दिवसांच्या आत नाव नोंदवा, अन्यथा अडचण येईल. त्वरित प्रमाणपत्र मागवा.' घाबरून भावाने २५० भरून टाकले. वाचणाऱ्या आई-बापांनी हे नीट ऐका. २१ दिवसांची मुदत जन्माच्या नोंदीची असते, नावाची नाही. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यापुढेही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे, त्यात ही सोय आहे. दरवर्षी पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखल्यावर नाव नसलेली लेकरं येतात, म्हणून मला हे पाठ आहे. आणि त्या सोनेरी प्रमाणपत्राला कुठेही काडीची किंमत नाही. शाळेत नाही, आधारला नाही. आमच्या आजीने ते ओसरीत कानबाई देवीच्या फोटोशेजारी लावलंय, तेवढाच उपयोग.

पैसे परत मागितले. 'डिजिटल उत्पादन परत घेतलं जात नाही.' बरं.

बारसं आखाजीनंतरच्या रविवारी झालं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, घुगऱ्या. आखाजीचे झोके अजून उतरवले नव्हते, त्यामुळे पोरी पाळण्यापेक्षा झोक्यालाच जास्त लटकल्या होत्या. वरवंटा पाळण्याखालून फिरला, मी कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि चार नणंदा-भावजयांनी असे काही धपाटे घातले की दुसऱ्या दिवशी बसमध्ये टेकून बसवेना. आजीने पाळण्याची दोरी हातात घेतली होती आणि सोडतच नव्हती. नाव ऐकल्यावर काही बोलली नाही. पदराने तोंड पुसलं, उकडत होतं म्हणून असेल.

पुढे नोंदणीच्या खिडकीवर नाव 'तृप्ती' पडलं. भाऊ दोन फेऱ्या मारून दुरुस्त करून आला. असं नाव ठेवलं तर हे जन्मभर करावं लागणार हे मान्य आहे. माझ्याकडून एक सल्ला: अर्जावर नाव सुटं, मोठ्या अक्षरात लिहा, इंग्रजी स्पेलिंगही सोबत द्या, आणि दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलायच्या आधी वाचा.

ही सेवा घ्यावी का? घरात पंचाऐंशीच्या वरचं कुणी असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा, त्यांच्या बहिणींची, जावांची, मैत्रिणींची नावं विचारा. तासाभरात वीस नावं होतील आणि त्यातली दहा कुठल्याच पीडीएफमध्ये नसतील. तसं कुणी नसेल आणि अक्षरावरून नुसती यादीच हवी असेल तर ५९९ फार नाहीत. अर्थ मात्र दुसरीकडे तपासून घ्या, आणि २५० अजिबात भरू नका.

परवा मुलगी महिन्याची झाली. त्या दिवशी सेवेचा मेसेज आला, फुगे आणि केकचं चित्र लावून: 'तुमच्या लाडक्या तनिष्काला पहिल्या महिन्याच्या शुभेच्छा! जावळाचा मुहूर्त फक्त ३९९ रुपयांत.' भावाने तो मोठ्याने वाचला. आजी म्हणाली, "कोन शे ती?"