सोलापूरच्या उन्हातील आमचे नवे कार्यालय : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवडाभर आधी आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या नव्या कार्यालयात बसू लागलो. त्यानंतर हिवाळ्याचा शेवट, पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा या इमारतीत काढून झाला असून सध्या ऑक्टोबरचा उकाडा चालू आहे. आमची कंपनी टेरी टॉवेल निर्यात करते. प्रशासनाचे काम माझ्याकडे असल्याने आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून आजच्या वीजबिलापर्यंत सर्व कागद माझ्या हातून गेले आहेत. कमी विजेवर चालणारे कार्यालय बांधू इच्छिणाऱ्या सोलापुरातील आणि आसपासच्या उद्योजकांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या जागेला रस्ता पश्चिमेला आहे. परदेशी ग्राहक येतात, तेव्हा रस्त्याकडची संपूर्ण बाजू काचेची असावी, अशी आमच्या मालकांची इच्छा होती. वास्तुरचनाकार मॅडमनी त्यांना एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता मोकळ्या जागेवर नेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे केले आणि म्हणाल्या, "साहेब, इथे काच लावली तर तिच्यामागे कायम पडदा ओढून बसावे लागेल, आणि एसीचे बिल वेगळेच." मालकांनी तिथेच होकार दिला. त्यामुळे इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली गेली, रस्त्याकडे फक्त अरुंद बाजू आली आणि त्या बाजूला जिना, स्वच्छतागृहे व जुन्या फायलींची खोली गेली. संपूर्ण प्रकल्पात सर्वाधिक लाभ देणारा निर्णय हाच ठरला, आणि त्याला वेगळा खर्च आला नाही. मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की ती चांगलीच तापलेली लागते. परंतु ती उष्णता फायलींच्या खोलीत अडते, बसण्याच्या दालनापर्यंत येत नाही.

केंद्र सरकारची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली सुधारली गेली. ती १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीजभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. आमचा भार त्याहून बराच कमी असल्याने ती आम्हाला लागू नव्हती, तरी भिंती, छप्पर आणि खिडक्या यांच्यासाठी आम्ही तिचाच मापदंड धरला.

भिंती फ्लाय ॲशच्या विटांच्या आहेत. फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ही राख आता आपल्या जिल्ह्यातच तयार होते. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणारी रॅट ट्रॅप पद्धत वापरल्याने विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागल्या आणि त्या पोकळीतील हवेमुळे उष्णता आत येण्याचा वेगही मंदावला. गवंड्यांना ही रचना नवीन होती. पहिले दोन थर त्यांनी उतरवून पुन्हा रचले, त्यानंतर मात्र काम सुरेख झाले. वापरताना एकच अडचण येते : वजनदार कपाट किंवा फळी टांगायची झाल्यास ड्रिल नेमके पोकळीत जाते आणि खिळा धरत नाही. फळ्या, फलक आणि विजेच्या नळ्या कुठे येणार, हे बांधकामाच्या आधी ठरवून तेवढा भाग भरीव करून घ्यावा. आम्ही ते केले नाही.

छपरावर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी आहे. आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांमध्ये जाड मातीचा थर जे काम करत असे, तेच इथे कमी जाडीत साधले आहे. एप्रिलमधील धुळीच्या वाऱ्यांनी मात्र ही पांढरी गच्ची पंधरा दिवसांत करडी होते, आणि करडी गच्ची ऊन परतवत नाही. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ती झाडून घेणे आवश्यक आहे, याची कल्पना आम्हाला कोणीही दिली नव्हती.

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीविषयी. आमच्या व्यवसायात रंगाची छटा, म्हणजे शेड, जुळवणे हे रोजचे काम आहे. ठरावीक उजेडात नमुना पाहण्याची प्रकाशपेटी असली तरी अनुभवी माणूस नमुना उत्तरेच्या उजेडात धरून पाहतोच, कारण तो उजेड दिवसभर स्थिर राहतो, असे मानले जाते. म्हणून नमुन्यांचे दालन उत्तरेला मोठ्या खिडक्यांसह केले. आराखड्यात त्या खिडक्यांना आडवा छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभ्या फिन, म्हणजे तिरपे ऊन अडवण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, होत्या. अंदाजपत्रक वाढू लागले तेव्हा "उत्तरेला ऊन येतेच कुठे?" असे म्हणून फिन आम्ही वगळल्या, त्या यादीवर माझीही सही आहे. प्रत्यक्षात सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चनंतर इथे सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळू लागतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेलाच असतो. दुपारचे ऊन जवळजवळ डोक्यावरून येत असल्याने छज्जा ते अडवतो, परंतु संध्याकाळी पाचचे तिरपे ऊन छज्ज्याखालून आत शिरते. मे महिनाभर आमचे शेड तपासणारे अण्णा, ज्यांची नजर चाळीस वर्षांची आहे, दुपारी चारनंतर नमुना घेऊन जिन्यात जात असत. तो महिना मला फार लागला. फिन नंतर बसवल्या. मचाण पुन्हा उभारावे लागल्यामुळे खर्च मूळ अंदाजाहून जास्त झाला.

थंडाव्यासाठी एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत आणि बैठकीच्या दालनात आहे. इतरत्र छताचे पंखे आणि दोन टप्प्यांचा बाष्पीभवनाचा कूलर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही यंत्रणा अत्यल्प विजेत उत्तम काम करते. बाहेर चाळिशीचा पारा असतानाही आम्ही घाम न पुसता काम केले. जूनमध्ये हवा दमट झाली की तिचा उपयोग संपतो आणि खिडक्या उघडून पंख्यांवर भागवावे लागते. काही दिवस ते खरोखरच त्रासदायक गेले. दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरच्या जड पाण्याने मेअखेर पॅडवर क्षारांचा पांढरा थर चढला आणि पॅड बदलावे लागले. यंत्र बसवणाऱ्यांनी पाण्याचा नमुना तपासायला हवा होता, आणि आम्ही तो मागून द्यायला हवा होता. टाकीतले पाणी ठरावीक वेळी सोडून देत राहिल्यास क्षार साठत नाहीत, हेही नंतर समजले.

सौरपटलांबाबत तक्रार नाही. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट, हा हिशोब वर्षाच्या सरासरीने धरावा. मे महिन्यात सर्वाधिक वीज मिळेल, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. पटल २५ अंशांपलीकडे तापले की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटते आणि आपल्याकडच्या गच्चीवर ते सहज ६० अंशांच्या पुढे जाते. बोअरच्या पाण्याने पटल धुऊ नयेत, डाग कायमचे बसतात. आम्ही एसीतून गळणारे पाणी आणि पावसाचे साठवलेले पाणी त्यासाठी वापरतो. पावसाच्या पाण्याची टाकी फारच लहान झाली, हे मला मान्य केले पाहिजे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सोलापूरचा पाऊस कमी असला तरी आमच्या गच्चीवरून वाहून गेलेले पाणी पाहताना जीव हळहळला.

आता मागच्या बाजूला पॅकिंग विभागाची इमारत व्हायची आहे आणि तिचा आराखडा गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आला. अंदाजपत्रकात उत्तरेच्या फिन आणि मोठी टाकी मी सर्वांत वर लिहिल्या आहेत, तर बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी कालच पाठवला.