लाइट की फ्लेक्स? आईचं फ्रँकफर्टचं तिकीट काढताना

ताईच्या बाळंतपणासाठी आईला फ्रँकफर्टला पाठवायचंय. पुण्याहून टॅक्सीने मुंबई, तिथून थेट विमान. एकाच विमानातल्या इकॉनॉमीचे दोन दर समोर आहेत: लाइट आणि फ्लेक्स. खुर्ची तीच, जेवण तेच. फरक सगळा नियमांत.

लाइटमध्ये बऱ्याच कंपन्या फक्त केबिन बॅग देतात, चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई एवढ्याशा सामानात कशी जाईल? मागच्या खेपेला हॉलमध्ये काट्याला अडकवलेली तिची बॅग भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाच्या लाडवांसकट २२.६ किलो भरली होती, मर्यादा २३ची. म्हणून आधी लाइटच्या दरात बॅगेचे आणि सीट निवडायचे पैसे मिळवून बघा. दोन्ही दरांतलं अंतर बरंच कमी होतं.

तारीख बदलायची तर फ्लेक्समध्ये सहसा दंड नसतो, पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर वरचा फरक भरावाच लागतो. हे नीट लक्षात ठेवा.

लाइट रद्द केलं की मूळ भाडं बहुधा बुडतं. तरी भारतीय कंपनी असेल तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानुसार कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. ते हक्काने मागा.

सामान कमी, तारीख पक्की असेल, तर लाइट उत्तम. सुट्टी संपवून परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी तेच सुचवेन. आईसाठी मात्र फ्लेक्स घेतोय. बाळंतपण दोन आठवडे पुढेमागे होऊ शकतं, आणि शेंगेन व्हिसाच्या (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) ९० दिवसांत परतीची तारीख हलवायची मोकळीक तिला हवीच.